मंगळवारच्या ओळी

"मंगळवारी मले दाताचं इचारू नको, पोरी. हाताचं सांगतो, पण ते मोजात धरू नको. लिवलंच तं बाजूले खूण करजो."

गंगीचा हा आवाज साधना नगराळेच्या कानात तिसरं वर्ष बसून होता. एरवी तो गप्प असायचा. आज तो बोलला, कारण टेबलापलीकडे डॉ. इंद्रजित देवतळे एक पत्र वाचून दाखवत होते आणि त्या पत्रात गंगीला बिनभरवशाची ठरवलं होतं.

"'तज्ज्ञ व्यक्तीच्या निर्णयांत सातत्य आढळले नाही,'" सरांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "महत्त्वाचं वाक्य एवढंच. बाकी सगळा पाल्हाळ. खाली तुझी सही, कारण माहिती तू गोळा केलीस."

"सर, सातत्य होतं."

"असेल ना. पण होतं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग चूक कुणाची? तो प्रश्न कुणाला हवाय, साधना?"

खरंच कुणाला नको होता. प्रकल्पाला निधी देणाऱ्या संस्थेला नको होता, कॉलेजला नको होता, आणि सरांना तर प्रश्न हा प्रकारच मानवत नसे.

यवतमाळच्या बाहेर माळावर उभ्या असलेल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात डॉ. देवतळे म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांच्या नावावर एकशे सदतीस शोधनिबंध होते. हा आकडा त्यांच्या ईमेलच्या तळाशी होता, केबिनच्या दारावर होता, आणि विसरू नये म्हणून मोबाइलच्या कव्हरवरही होता. एकशे सदतीसपैकी किती त्यांनी लिहिले हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. किती वाचले हे विचारणं सभ्यपणाला धरून नव्हतं. सर संशोधन करत नसत, करवून घेत. पोरं उन्हातान्हात फिरायची, आकडे आणायची, टाइप करायची, आणि शेवटच्या दिवशी सर आपलं नाव पहिलं आहे ना तेवढं तपासायचे. या तपासणीत त्यांच्याकडून आजवर एकदाही चूक झाली नव्हती.

साधनाचा विषय होता फझी लॉजिक. होय आणि नाही यांच्या मधल्या जागेचं गणित. यंत्राला कापूस सुका किंवा ओला एवढंच कळतं. माणसाला 'जरासा नरम' कळतं. ते 'जरासा' म्हणजे किती, हे आकड्यात बसवलं की यंत्रालाही माणसासारखं बेताबेतानं बोलता येतं. कल्पना साधी होती आणि देखणी होती. साधनाला ती मनापासून आवडली होती, आणि तिची खरी अडचण हीच होती. सरांच्या हाताखाली टिकायचं तर विषय आवडून चालत नाही.

'जरासा' सांगणारं माणूस तिला कळंबजवळच्या एका जिनिंगच्या आवारात सापडलं. तिथे गाड्यांतून आलेल्या कापसाची प्रत ठरवायला ग्रेडर होता, उत्तमसिंग. गळ्यात ओळखपत्र, हातात ओलावा मोजायचं मीटर. पण गाडीवर चढून मूठ भरायची ती त्याची काकी, तांड्यावरची गंगी. मूठ दाबायची, सोडायची, कापूस कसा उमलतो ते पाहायची. मग त्यातली एक सरकी काढून डाव्या दाढेखाली धरायची आणि डोळे मिटून चावायची. कट्ट वाजली तर सुका. दबली तर नरम. दाढेला चिकटली तर ओला. थुंकून ती बोटं वर करायची, आणि उत्तमसिंग मीटरकडे पाहिल्यासारखं करून तेवढंच मोठ्यानं सांगायचा. उत्तमसिंगच्या आधी त्याचा काका ओळखपत्र घालायचा. ओळखपत्रं बदलली, दाढ चाळीस हंगाम तीच होती.

"मीटर कापसाच्या अंगाले लागते," गंगीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "पाणी रायते सरकीत. अंग वाऱ्यानं सुकते, पोट सुकत नाही."

मंगळवार मात्र जगदंबेचा. सांजवात लागेपर्यंत गंगीच्या तोंडात काही जायचं नाही, आणि सरकीत तेल असतं. म्हणून मंगळवारी दाढ बंद. त्या दिवशीचा कापूस उत्तमसिंग गाजावाजा न करता वेगळा पसरून ठेवायचा आणि बुधवारी गंगी तो दाढेखाली धरून पाहायची. त्या दिवशी ती मूठ दाबून काय ते सांगायची, तेही साधनानं फारच गळ घातली म्हणून. साधनाला यात समजून घ्यायला अवघड असं काही नव्हतं. तिच्या आईचा, कौसल्याबाईंचा, दर पौर्णिमेला उपोसथाचा उपास असायचा, आणि दुपारी बारा वाजून गेल्यावर 'घोटभर दूध तरी घे' असं आईला म्हणणारं माणूस त्या घरात जन्माला आलं नव्हतं. साधनानं मंगळवारच्या प्रत्येक ओळीपुढे लाल शाईनं 'म' लिहिला. हाताचं दाताशी ताडून पाहू कधीतरी, एवढाच विचार.

घोटाळा केला तो वेळापत्रकानं. मंगळवारी साधनाला कॉलेजात तास नसत. त्या दिवशी ती पहिल्या बसनं यायची आणि सकाळी सातच्या गाड्या पाहायची. बाकीच्या दिवशी तास उरकून पोचेपर्यंत अकरा वाजून गेलेले असायचे. दोन हंगाम संपल्यावर वह्या एकत्र लावताना हे तिच्या ध्यानात आलं. एकूण बाराशे सोळा नोंदी, त्यांतल्या मंगळवारच्या एकशे त्र्याऐंशी, आणि सकाळच्या म्हणाव्या अशा नोंदी जवळजवळ त्याच. थंडीतली सकाळ ही कापसाची सगळ्यांत लबाड वेळ. रात्री दव पडतं, उजाडता वारा सुटतो, अंग कोरडं होतं आणि पोट ओलं राहतं. नेमक्या त्या वेळेला वहीत गंगीची दाढ नव्हती. होता तो फक्त तिचा हात, आणि हात दरवेळी 'सुका' म्हणत होता.

तेव्हा ती सरांकडे गेली होती.

"मंगळवारच्या ओळी काढाव्या लागतील, सर. मग आपल्याकडे सकाळचं काहीच उरत नाही. तसं पेपरात सांगू. यंत्र अकरानंतरच वापरावं, असं."

सर हसले होते. "अकरानंतर चालणारं एआय? ते काय तलाठी ऑफिस आहे?"

एआय हा शब्द तेव्हा विभागात नुकताच आला होता. फझीला आता कुणी विचारत नाही, असं सरांना एका परिषदेत जेवणाच्या रांगेत उभं असताना कळलं, आणि ताट भरायच्या आत त्यांनी प्रकल्पाचं नाव बदललं. नुसतं नाव बदलून भागलं असतं तरी चाललं असतं. पण सर निबंधाचा गोषवारा काम व्हायच्या आधी पाठवत, आणि त्या गोषवाऱ्यात 'बाराशेहून अधिक नमुने' असं छापून गेलं होतं. मंगळवार वजा केले तर उरत होते एक हजार तेहतीस. म्हणून वहीतून संगणकात आलेला 'म'चा रकाना पुसला गेला. मग सगळ्या नोंदींवरून जे नियम निघाले, त्याच नियमांतून यंत्राकडून आणखी वीस हजार बनावट नोंदी करवून घेतल्या. त्या नोंदींवर यंत्राला शिकवलं, आणि त्यांतल्याच मूठभर बाजूला काढून यंत्राची परीक्षा घेतली. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा, आपणच तपासायचा. निकाल, अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात टक्के. उरलेले एक पूर्णांक तीन कुठे सांडले, याचंच नवल.

आणि रकाना पुसला कुणी? साधनानं. माऊस तिच्या हातात होता. सर मागे उभे राहून चहा पीत होते.

डिसेंबरात जिनिंगच्या आवारात उद्घाटन झालं. यंत्राचं नाव 'कपासदृष्टी'. दिसायला ते भिंतीवरच्या मीटरपेटीएवढं, त्याला एक कॅमेरा आणि कापसात खुपसायची एक सळई. सरांनी त्या दिवशी जिनिंग पहिल्यांदा पाहिली. नाकावर रुमाल धरून ते मंडपात आले, तंतू छातीत जातात म्हणाले, आणि मग पाऊण तास त्याच छातीनं मातीशी असलेल्या नात्यावर बोलले. मग निवेदकानं गंगीला मंचावर बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. "या मावशींचा चाळीस वर्षांचा अनुभव आता या पेटीत आहे," असं निवेदक म्हणाला. शाल सरळ करायला साधना पुढे झाली, तेव्हा गंगीनं ओठ न हलवता विचारलं, "मंगळवारचं काढलं न, पोरी?"

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडं."

साधना इकडं पाहून हसली आणि म्हणाली, "हो."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गंजी तापली. सकाळी सातला आलेल्या गाड्यांचा कापूस पेटीनं सुका म्हणून आत घेतला होता, आणि तो सगळा एका जागी रचला होता. कुणीतरी गंजीत हात घातला आणि झटक्यात मागं घेतला. आतून वाफ निघत होती. रुई पिवळी पडली होती, सरकी काळी, आणि आवारभर आंबूस वास. जिनिंगच्या मॅनेजरनं पेटीला बोट लावलं नाही. पेटीवर कॉलेजचं नाव होतं, उद्घाटनाची पाटी होती, आणि पाट्यांना जाब विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. त्यानं गंगीला बोलावलं. "डब्यात डोकं तुह्यंच हाये न?" म्हणाला, आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. चहाच्या टपरीवर गंगीची दाढ किडल्याची गंमत चार दिवस पुरली. पेटी मात्र रोज सकाळी सातला सुरू होत होती, आणि दुसरी गंजी रचली जात होती.

आता निधी देणाऱ्या संस्थेनं खुलासा मागवला होता, आणि सरांनी तो लिहून तयार ठेवला होता.

"त्या बाईंना काय फरक पडतो?" सर म्हणाले. "त्या काय आपला खुलासा वाचणार आहेत?"

"त्या नाही वाचणार. पण जिनिंगला प्रत जाईल. मॅनेजर फळ्यावर लावेल."

"लावू दे. आपण नाव कुठे घेतलंय? 'तज्ज्ञ क्रमांक एक' म्हटलंय. गोपनीयता पाळलीय आपण."

"तिथे तज्ज्ञ एकच आहे, सर."

सरांनी या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करण्यात ते खरोखरच तज्ज्ञ होते, आणि त्यांच्या या एका कामात सातत्यही होतं. "सोमवारी तुझी पीएच.डी.ची व्हायवा," ते म्हणाले. "पुण्याचे परीक्षक माझे मित्र आहेत. प्रश्न विचारून कुणाला त्रास देणारा माणूस नाही तो. सही करून परवा आण. पाच वर्षं घातलीस, आता एका ओळीसाठी हळवी होऊ नकोस."

पाच वर्षं खरी होती. साधनाचे वडील बाबाराव शाळेत शिपाई होते. गेल्या वर्षी जाण्याआधी त्यांनी शेजाऱ्यांना "आमची डॉक्टर" म्हणून सांगायला सुरुवात केली होती, आणि शेजारी बीपी दाखवायला आले होते. साधनानं पत्र फोल्डरमध्ये घातलं. "पाहते, सर," म्हणाली. पाच वर्षं ती हेच म्हणत आली होती. पाहते. करते. पाठवते. सरांचा तिला तिटकारा होता, पण केबिनच्या काचेच्या दारात दिसलेली बाई काही त्याहून फार बरी नव्हती. सर निदान खोटं स्वतःच्या फायद्यासाठी बोलत. ही दुसऱ्याच्या फायद्यासाठी बोलत आली होती, तेही अदबीनं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारचे तास बदलून घेऊन ती तांड्यावर गेली. रस्ताभर तिनं मनात सगळं जुळवलं होतं. वह्या दाखवायच्या, लाल 'म' दाखवायचा, मंगळवारी दाढ का बंद असते ते मॅनेजरला नीट समजावायचं. उपास आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? गंगी मोकळी, आकडे मोकळे. अगदी निबंधात शोभेल असा उलगडा.

दारात गंगीची सून उज्ज्वला भांडी पालथी घालत होती. तिनं मान वर केली.

"या मॅडम. फोटो काढाचा असन तं थांबा, शाल आणतो पेटीतली. घडी नाही मोडली अजून."

"फोटो नाही काढाचा, वहिनी."

"मंग कायले आल्या?"

"बसू दे तिले," आतल्या अंगणातून गंगी म्हणाली. ती तूर पाखडत होती. "सावलीत बस. डोकं तापन. गंजी तापली तेवढं बस झालं."

साधना सावलीत बसली. सूप वर जात होतं, खाली येत होतं, फोलपटं कडेला उडत होती. तिनं पाठ केलेली वाक्यं आठवून पाहिली. एकही जागेवर नव्हतं.

"मावशी, मंगळवारचं मी काढलं नव्हतं. मंचावर तुमाले हो म्हटलं, ते खोटं होतं."

सूप थांबलं नाही. "माहीत हाये."

"कोणं सांगतलं?"

"डब्यानं. पयल्याच आठवड्यात." गंगीनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "सकाळच्या गाडीवर तो जसा बोलते न, सुका, सुका, सुका, तसं या आवारात कोणी बोलत नाही. मी बोलतो, आन तेबी मंगळवारी. माह्यंच बोलणं मले ओळखू येत नाही काय?"

उज्ज्वलाच्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं. तिलाही हे नवं असावं.

"मंग मॅनेजरले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? मंगळवारी मी उपासी रायतो, दात नाही लावत, हातानं अंदाज सांगतो, असं सांगू?" सूप आता मांडीवर आलं. "चार जण काय म्हंतीन माहीत हाये? बुढीच्या उपासानं गंजी नासली. टपरीवर हेच चालन मंग. माह्या दाढेवर हसून राह्यले, हसू दे, ते हाडूक हाये. उद्या जगदंबेवर हसतीन. तिले मी जिनिंगच्या फाटकात नेऊन उभी करू? माह्यी गेली तं गेली. तिची नाही जाऊ देत मी."

साधनाच्या फोल्डरमधलं पत्र, पिशवीतल्या वह्या, लाल 'म', सगळं एका वाक्यात निकामी झालं होतं. गंगीला सोडवणारी एकच खरी गोष्ट होती, आणि ती सांगायची नव्हती. तिला आईचं उपोसथाचं पांढरं लुगडं आठवलं. त्याच्यावर टपरीवरची माणसं हसली असती तर तिनं काय केलं असतं? तिनंही सूपच हातात घेतलं असतं.

"मी सांगतो," शेवटी ती म्हणाली. "उद्या सकाळी. गाड्या लागल्या का फाटकात उभी रायतो आन सगळ्याइपुढं सांगतो."

"काय सांगशीन?"

"का सकाळच्या नोंदी कच्च्या होत्या. सकाळी डब्याचं आयकू नका."

"कच्च्या काहून होत्या, इचारतीन."

साधनाचा हात पिशवीतल्या वह्यांकडे गेला.

"उपासाचं नाव नाही काढाचं," गंगी म्हणाली.

"नाही काढत."

"देवीचं नाही. मंगळवारचं बी नाही."

"नाही."

"मंग तुह्यापाशी सांगाले रायलं काय?"

"का मावशीनं मले या ओळी मोजू नको म्हणून सांगतलं होतं, आन मी मोजल्या. तेवढंच."

गंगीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "लोक म्हंतीन, एवढी शिकलेली पोट्टी, काहून मोजल्या?"

"सर म्हणाले म्हणून."

"सराचं नाव बी नको काढू."

"काहून? खरं हाये ते."

"खरं हाये. पण सराचं नाव काढलं का लोक त्याले शिव्या देतीन आन तुले सोडतीन. म्हंतीन, गरीब पोरगी, तिचं काय चालते." गंगी सूप पुन्हा उचलत म्हणाली, "तुले सोडावं असं मले अजून वाटत नाही."

उज्ज्वला हसली नाही. तिनं चहा टाकला होता, तो आणून साधनासमोर ठेवला. बशी विसरली, की आणली नाही, ते तिलाच ठाऊक.

"नाही काढत सराचं नाव," साधना म्हणाली. "मीच मोजल्या. वचन देतो."

"मंचावरच्यावानी नको देऊ."

"नाही."

"मंग घे चहा. थंडा होते."

परतीच्या बसमध्ये तिनं फोल्डरमधलं पत्र काढलं. सहीच्या रेघेवर गाडीच्या हिसक्यांनी वाकडंतिकडं होत तिनं लिहिलं, 'तज्ज्ञांच्या निर्णयांत सातत्य होते. चूक नोंदी मोजणाऱ्याची, म्हणजे माझी.' खाली सही केली, तारीख घातली, मोबाइलनं फोटो काढला आणि सरांना पाठवला. स्टँडवर उतरेपर्यंत उत्तर आलं होतं. पुण्याच्या परीक्षकांची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे सोमवारची व्हायवा पुढील सूचनेपर्यंत स्थगित. पुण्यातल्या एका धडधाकट माणसाला यवतमाळातून अडतीस मिनिटांत आजारी पाडायचं, तेही औषधाशिवाय. सरांच्या एकशे सदतीस निबंधांत एवढा खणखणीत प्रयोग दुसरा नव्हता.

त्या संध्याकाळी सरांचे तीन फोन आले. पहिल्यात ते बापासारखे बोलले, दुसऱ्यात नियमांवर बोलले. तिसरा तिनं घेतला नाही. घेतला असता तर ती बहुतेक "पाहते, सर" म्हणाली असती, आणि स्वतःचा तेवढा भरवसा तिला अजून नव्हता.

शुक्रवारी सकाळी साडेपाचला ती उठली तेव्हा कौसल्याबाईंचं त्रिशरण पंचशील म्हणून झालं होतं. उदबत्ती जळत होती. आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि मागं न पाहता विचारलं, "आज तं तुले तास हायेत न?"

"हायेत."

"मंग एवढ्या सकाळी?"

"कळंबले जाऊन येतो."

"कॉलेजच्या कामानं?"

साधना पायताण घालत होती. "नाही," ती म्हणाली. "माह्या."

आईनं भाकरी फडक्यात बांधून दिली. साधनानं वह्या टेबलावर होत्या तशा राहू दिल्या. आज त्यांतलं काही दाखवायचं नव्हतं. स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या, फाटकाची कडी हळूच लावली, म्हणजे शेजारचं कुत्रं उठायला नको. बाहेर दव पडलं होतं, आणि वारा नुकता सुटत होता. सातच्या गाड्या लागायच्या आत पोचायचं तर पावणेसहाची बस गाठायला हवी होती. ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली.